फणसाखालचे तीन खड्डे

काशिनाथशेटने आपल्या बंद पडलेल्या काजू फॅक्टरीमागची जमीन शाळेला दिली, आणि त्या दिवसापासून गावात त्याच्याविषयी वाईट बोलायची सोय राहिली नाही. दिली म्हणजे फुकट दिली. तीस गुंठे, रस्त्याला लागून, मिठबावची एसटी दारात थांबते अशी जागा. पंचायत समितीने तिथे दोन खोल्या आणि पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर केली. इतकी वर्षं पोरं देवळाच्या पडवीत बसून शिकत होती. गावात कुणाचं कार्य निघालं की शाळेला सुट्टी. तेव्हा धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारणारा कपाळकरंटाच म्हणायचा.

पंच्याऐंशी सालचा चैत्र होता. आमच्याकडे घर बांधायचं असो की गोठा, आधी कौल लावतात. बाबली घाड्याने पावणाईच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवी म्हाराजा, तुझ्या लेकरांनी आज शाळेचो इचार केल्यानी हा. त्या जाग्यावर कोणाची राखण आसात, कोणाची नड आसात, तर ती दूर कर आणि उजवो कौल दी म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. उजवीकडची कळी पडली.

मग मालवणहून ओव्हरसिअर आला. फॅक्टरीच्या जमिनीत विहीर मारायची तर माती तपासायला हवी, असा वरून कागद होता. शेटच्या माणसाने त्याला गेटजवळ तीन ठिकाणी नेलं. त्याने तीन बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या, पोहे खाल्ले आणि गेला. पंधरा दिवसांनी दाखला आला की जमीन योग्य आहे. म्हणजे देवीनेही होय म्हटलं आणि सरकारनेही. राहिली होती ती एकटी सत्यवती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

सत्यवतीने त्या फॅक्टरीत बारा वर्षं काजी फोडल्या. भाजलेल्या काजूचं टरफल फुटलं की आतून तेल येतं. ते कातडीला लागलं की कातडी आधी काळी पडते, मग सोलते, मग पुन्हा येते आणि पुन्हा काळी पडते. फॅक्टरी बंद होऊन चार वर्षं झाली तरी तिच्या बोटांच्या पेरांवरचा काळेपणा गेला नव्हता. लग्नाकार्यात ती हात पदराखाली घ्यायची. हे ती लाजेने करायची, आणि त्या लाजेचा तिला रागही यायचा.

त्या दिवशी ती शेणी वेचून परत येताना फॅक्टरीमागे थांबली. खोल्यांच्या जागी चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. विहिरीचा गोल फणसाच्या सावलीत होता. तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि बराच वेळ त्या गोलाकडे बघत उभी राहिली.

घरी तिचा नवरा परशुराम पेज जेवत बसला होता. विहिरीच्या कामावर त्याला मुकादम नेमलं होतं आणि त्यामुळे तो दोन दिवस खुशीत होता. शेवंती, त्यांची दुसरीतली मुलगी, अंगणात चिंचोके मांडून खेळत होती.

"इहीर फणसाखाली मारतत," सत्यवती म्हणाली.

"पाणाड्यान थय पाणी दाखवल्यान."

"थय काय आसा ता तुमका ठावक आसा."

परशुराम पेजेत बोट फिरवत राहिला. "माका काय ठावक नाय."

"खड्डे कोणी खणले?"

"हळू बोल गो."

"कित्याक हळू? धा वर्सा हळूच बोलतंय."

दहा वर्षांपूर्वी फॅक्टरीचं तेल व्हाळात सोडायचे. मासे मरून वर आले, लोकांनी ओरड केली. तेव्हा शेटने फणसाजवळ तीन खोल खड्डे मारून घेतले आणि भट्टीखाली साठलेला तेलकट काळा राब, कुजकी टरफलं, गळकी पिंपं, सगळं त्यात ढकललं. वर तांबडी माती घातली. पुढच्याच पावसाळ्यात शेजारच्या हौसाबाईच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. आम्ही काय केलं? जागेवाल्याचा कोप झाला म्हणून राखणदाराला कोंबडा दिला. तवंग गेला नाही, कोंबडा मात्र गेला. हौसाबाई तेव्हापासून देवळाच्या विहिरीवरून पाणी आणते.

"माका आण घातलेली आसा," परशुराम शेवटी म्हणाला. "पावणायच्या पायरेर नारळ ठेवन. ह्या तोंडातसून शब्द काढूचंय नाय म्हणान. आमी तिघे होतो. एक मेलो. एक दोडामार्गाकडसून गोव्याक गेलो तो गेलोच. मी ऱ्हवलंय. आण मोडलंय तर माझ्या पोराबाळांचा काय?"

"त्याच पोराबाळांका ता पाणी पाजतलास?"

त्याने पेजेची वाटी बाजूला सारली.

"आण तुमका घातल्यानी," सत्यवती म्हणाली. "खड्डे तुमी तिघांनी खणलास. पण तो राब भट्टीकडसून डोक्यावर कोणी व्हायलो? आमी बायांनी. आमका कोणी पायरेर उभी केल्यान? बायलांका पण तोंड आसा ह्या शेटच्या मनात पण इला नाय. मी आण घेवक नाय. मी बोलतलंय."

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. सरपंच गुरुदास, ओव्हरसिअर आणि काशिनाथशेट नकाशा पसरून बसले होते. बाबली घाडी दाराजवळ पान जुळवत होता. एक खुर्ची मोकळी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि तीही बसली नाही. तिने उभ्यानेच खड्ड्यांचं सांगितलं.

"बाई, मातीचा दाखला आलेला आहे," ओव्हरसिअर म्हणाला. "प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे."

"बाटलेत माती खंयची भरलास, सायबानू?"

"जागेवरचीच."

"जाग्यावरची म्हणजे गेटाकडची. थय ट्रक उभे ऱ्हवायचे. वासराच्या तोंडाक हात लावन म्हशीचा दूध कळता काय?"

काशिनाथशेट हसला. त्याचा आवाज नेहमी गोडच असायचा. "सत्यवती, बारा वर्सा माझ्या हातची भाकरी खाल्लंस. आता ह्या बोलतंस?"

"तुमच्या हातची खंय? माझ्या हातची खाल्लंय. ह्ये बगा ते हात."

आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते चारचौघांत पदराबाहेर काढून टेबलावर, नकाशावर ठेवले. ओव्हरसिअरने नकाशा थोडा आपल्याकडे ओढला.

गुरुदासला शाळा हवी होती, आणि निवडणुकीआधी हवी होती. तो चिडून म्हणाला, "देवीन उजवो कौल दिल्यान. तू देवीपेक्षा शाणी?"

"देवीक राखणेचा इचारलास, तिणा राखणेचा सांगल्यान. तेलाचा खंय इचारलास?"

सगळे बाबली घाड्याकडे बघायला लागले. त्याने कान खाजवला. "आता ह्या... ता काय सत्यवती खोटा बोलणा नाय," तो म्हणाला. "तेलाचा मी काय बोलूक नाय. माका ठावकच नाय होता."

"हे पाहा," ओव्हरसिअर म्हणाला, "तोंडी सांगण्यावरून सरकारी दाखला बदलत नाही. काही प्रत्यक्ष दिसलं तर फेरतपासणी करता येईल. मी येत्या सोमवारी पुन्हा येणार आहे."

"मग सोमवारच्या आधी खणून दाखवतंय."

काशिनाथशेटचा आवाज पहिल्यांदा जाड झाला. "माझ्या जमिनीत कुदळ घालतलंस?"

"तुमची खंय ऱ्हवली ती?" सत्यवती म्हणाली. "तुमी ती दान दिल्यात. ती गावाची झाली. आणि मी गावाचीच."

राब वाहणाऱ्या बाया सात होत्या. एक वारली होती. एकीचा मुलगा शेटच्या कलमांच्या बागेत कामाला होता, ती आली नाही. एक म्हणाली येते, आणि सकाळी माहेरी निघून गेली. राहिल्या चौघी: सत्यवती, हौसाबाई, विमला आणि तुळसा. चौघींनी कोपरापर्यंत खोबरेल लावलं आणि वर चुलीतली राख चोळली, फॅक्टरीत लावायच्या तशी. दोन कुदळी, एक पहार, तीन घमेली. बस्स एवढंच.

पहिला दिवस फुकट गेला. शेडच्या मागच्या भिंतीपासून किती पावलं ते सत्यवतीला पाठ होतं, पण शेटने मध्यंतरी ती भिंत पाडून पुढे घेतली होती. आता मोजायचं कुठून? त्यांनी छातीएवढा खड्डा मारला आणि निघाली स्वच्छ तांबडी माती, कपाळाला लावावी इतकी स्वच्छ. बाजूच्या दगडी गडग्यावर बाप्ये येऊन बसले होते. त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"गावलो काय गो सोन्याचो हंडो?"

"सत्यवते, आणखी खण. पाताळात तुझो आजो भेटात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार हात डावीकडे खणलं. वैशाखातलं ऊन, वर ढग नाही, वारा नाही. खाली कातळाचा थर लागला, पहार त्यावर आपटून हाताला झिणझिण्या यायच्या. विमला दुपारी चक्कर येऊन बसली. तिला गूळ-पाणी दिलं. तिथेही काही निघालं नाही. संध्याकाळी घरी जाताना शेटची जीप त्यांच्या अंगावर धूळ टाकून गेली. हौसाबाई म्हणाली, "माझी इहीर गेली ती गेली. पण आता हसा नको झाला होता गो." सत्यवती तोंड फिरवून पुढे चालत राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी विहिरीचं काम सुरू व्हायचं होतं. परशुराम सहा गडी घेऊन आला. त्याने बायकोकडे बघितलं. तिचे डोळे धुळीने लाल, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि ती तिसऱ्या चुकीच्या जागी कुदळ मारत होती. गडग्यावरचे बाप्ये म्हणाले, "परशुराम, बायल आवर." गडी हसले.

परशुरामने मुंडासं काढून फणसाच्या मुळावर ठेवलं. तो सत्यवतीजवळ गेला, तिच्या बाजूची पहार उचलली आणि एक शब्द न बोलता आठ पावलं चालत गेला. तिथे, चुन्याच्या गोलापासून जेमतेम दोन हातांवर, त्याने पहार मारली. पुन्हा मारली. मग ओठ घट्ट मिटून त्याच जागी खणत राहिला.

हसणं थांबलं. सत्यवती उभी होती तिथून त्याच्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांच्या संसारात तिला तो इतका आवडला नव्हता. मग तिने घमेलं उचललं आणि त्याच्यामागे जाऊन माती ओढायला लागली.

कमरेएवढं खणल्यावर वास आला. आधी भाजक्या काजूसारखा, जरा बरा. मग घशात खरवडणारा. मग पहार आत गेली ती सहज, लोण्यात जावी तशी, आणि वर आली ती काळी होऊन. खाली टरफलं होती, दहा वर्षांत कुजली नव्हती, ओली आणि चकचकीत. गडी मागे सरले. त्यांतला एक म्हणाला, "मुकादमानू, ह्या काय?" परशुरामने नुसती मान हलवली. तोंड त्याने उघडलं नाही ते नाहीच.

एकदा एक खड्डा सापडल्यावर बाकीचे दोन सापडायला वेळ लागला नाही. गड्यांनी हात लावायला नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं. परशुराम आणि चौघी बाया चार दिवस उपसत होत्या. राख आणि खोबरेल पहिल्या तासात घामाने निघून जायचं. मनगटांवर फोड आले, फुटले, त्यांत तेल गेलं. तुळसाचे डोळे सुजून बारीक झाले. सत्यवतीचा गाल असा फुगला की शेवंतीने तिला जवळ येऊ दिलं नाही. भाकरी मोडता येईना म्हणून त्या पेज पीत होत्या, वाटी दोन्ही तळव्यांत धरून. तिसऱ्या खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपलं. त्यावर रंगीबेरंगी तवंग तरंगत होता, आणि तो पाण्याबरोबर विहिरीच्या गोलाकडेच सरकत होता. ते बघायला आता सगळा गाव आला. गडग्यावर कुणी बसलं नव्हतं, सगळे उभे होते.

बाहेर काढलेला काळा ढीग घराच्या ओसरीएवढा झाला. तो टाकायचा कुठे, हा पुढचा प्रश्न.

"व्हाळात लोटूया," गुरुदास म्हणाला. "पावसान व्हावन जायत."

"व्हाळाखाली कुणगे कोणाचे आसत?" सत्यवतीने विचारलं.

भाताचे ते कुणगे गुरुदासचेच होते. त्या दिवसापासून त्याची अक्कल ठिकाणावर यायला लागली.

"फॅक्टरेच्या शेडीत तेलाची सिमेटाची टाकी आसा," सत्यवती म्हणाली. "पक्की आसा, छप्पर आसा. जेचो माल तेच्या टाकेत."

सोमवारी ओव्हरसिअर आला आणि त्याच्यामागून शेटची जीप. शेट उतरला, ढिगाकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "शेड माझी आसा. ती मी दान देवक नाय. आणि ह्यो असोच तमाशो चलतलो तर जमीन पण परत घेतंय. बांधा शाळा शेजारच्या गावात."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सत्यवतीकडे. त्या बघण्यात काय होतं ते तिला चांगलं कळलं: शाळा गेली तर ती हिच्यामुळे. तिलाही शेवंतीसाठी शाळा हवीच होती, इतर कुणाइतकीच.

"घेवा परत," ती म्हणाली. "पण आदी तुमचा ह्या सगळा बरोबर घेवा. साफ केल्याशिवाय तुमका पण सोडणंय नाय."

गुरुदास खाकरला. "परत कशी घेतलास शेटनू? दानपत्र रजिस्टर झालेला आसा," तो म्हणाला. शेटने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर खाली बसला असता. गुरुदास उभा राहिला.

ओव्हरसिअरने तिन्ही खड्डे बघितले. त्याला कुणी जागा दाखवायच्या आत त्याने सत्यवतीला विचारलं, "बाटली कुठली भरू?" तिने तळाचं पाणी दाखवलं. मग तो फणसाखाली फळीवर कागद ठेवून पंचनामा लिहायला बसला. तिन्ही खड्डे चांगली माती लागेपर्यंत उपसावेत. घाण फॅक्टरीच्या पक्क्या टाकीत भरून वर स्लॅब घालावा. हे सर्व जमीन देणाऱ्याने करून द्यावे. दोन पावसाळे पाणी तपासल्याखेरीज तेथे विहीर मारू नये. शाळेच्या खोल्या रस्त्याच्या बाजूला घ्याव्यात. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

"जागा दाखवणाऱ्याची सही हवी," तो म्हणाला.

"सरपंचाची घ्या," शेट घाईने म्हणाला.

"जागो मी दाखवलंय," सत्यवती म्हणाली, आणि पुढे झाली.

तिला सही येत नव्हती. ओव्हरसिअरने शाईचा पॅड उघडला. तिने अंगठा दाबला, कागदावर टेकवला. गोल निळा डाग उठला, नुसता डाग. त्याने पुन्हा शाई लावली, स्वतः तिचा अंगठा धरून दाबला. पुन्हा तसाच. अंगठ्याची कातडी सोलून गेली होती आणि खालची गुळगुळीत लालसर होती.

"रेघाच उमटत नाहीत, बाई. असा अंगठा ऑफिसात चालत नाही. कुणाचाही म्हणतील."

शेट हसला. "लिवा आता. अंगठोय खोटो."

"धुवन घेवा नायतर पुसून घेवा, रेघो येवच्यो नाय," सत्यवती ओव्हरसिअरला म्हणाली. शेटकडे तिने बघितलंही नाही. "बारा वर्सा घासून घासून ऱ्हवलेल्यो, त्यो ह्या खड्ड्यात गेल्यो. तसोच ऱ्हवांदे अंगठो. नि बाजूक लिवा, कशान गेल्यो त्यो."

ओव्हरसिअरने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग त्याने पेन उघडलं आणि डागाशेजारी लिहिलं: सदर जमीन उकरताना बोटांची कातडी गेल्यामुळे ठसा उमटला नाही. तिच्यामागे हौसाबाई आली, मग विमला, मग तुळसा. चौघींचे डाग एकाखाली एक उठले, एकसारखे. परशुरामही आला, त्याचाही तसाच उठला.

मग ओव्हरसिअरने कागद जमीन देणाऱ्यापुढे धरला. सगळा गाव बघत होता. काशिनाथशेटने रुमाल खिशात ठेवला आणि सही केली, लांबलचक, नेहमीसारखी वळणदार. त्या पंचनाम्याच्या तळाशी माणूस ओळखता येईल अशी खूण ती एकच होती.

सत्यवतीने घमेलं काळ्या राबाने भरलं, डोक्यावर घेतलं आणि शेडच्या कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"शेटनू," ती म्हणाली, "चावी."